‘सुकी’ अडवावी कशी? नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शक

तुम्हाला एक रॉमकॉम अ‍ॅनिमे मालिका काढायची आहे, असं समजून चालतो. चित्रकला येत नसेल तरी हरकत नाही. चित्रं काढायला टोकियोत रात्र रात्र जागणारी माणसं आहेत. तुम्हाला एवढंच जमलं पाहिजे : एकमेकांवर जीव जडलेली, धडधाकट, वाचा शाबूत असलेली दोन माणसं समोरासमोर बसवायची आणि त्यांना एक शब्द बोलू द्यायचा नाही. बारा भाग बोलू द्यायचा नाही. हात बसला की चोवीस. ‘मेझॉन इक्कोकु’वाल्यांनी १९८६ ते १९८८ या काळात ९६ भाग केले आणि बहुतेक सगळ्या भागांत दोघांना झुलवत ठेवलं, पण ती थोर माणसं होती. आपण बारापासून सुरुवात करू.

शब्द कुठला, तर ‘सुकी’. ऐकल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे डब्यातली बटाट्याची भाजी येते, पण जपानीत त्याचा अर्थ आवडणं. ‘तू मला आवडतेस’मधलं आवडणं. उच्चारही खरं तर ‘स्की’च्या अंगानं जातो, मधला ‘उ’ जिभेवरच विरतो. म्हणजे अडवायचा ऐवज जेमतेम दीड अक्षराचा. याहून वजनदार असा ‘आइशितेरू’ हा शब्दही आहे, पण तो ठेवणीतल्या शालूसारखा. असतो सगळ्यांकडे, नेसत कुणी नाही.

एवढ्याशा शब्दाला एवढं काय भ्यायचं, हे नीट समजल्याशिवाय पुढचं पान उलटू नका. प्रेम बोलून दाखवण्याला तिकडे ‘कोकुहाकू’ म्हणतात आणि तो जवळजवळ विधीच आहे. समोर उभं राहायचं, ‘सुकी देस्’ म्हणायचं, ‘त्सुकियात्ते कुदासाइ’ म्हणजे आपण दोघं जोडीनं फिरू या, अशी रीतसर विनंती करायची आणि मान खाली घालून उत्तराची वाट बघायची. होकार आला की त्या मिनिटापासून तुम्ही जोडपं. त्याआधी महिनाभर रोज एका छत्रीतून घरी गेला असाल, तरी तुम्ही वर्गमित्र. हिंदी सिनेमात हा शब्द तोंडातून निघेपर्यंत तीन गाणी आणि एक स्वित्झर्लंड उरकलेलं असतं, त्यामुळे शब्दाला भाव उरत नाही. आपल्या पोह्यांच्या कार्यक्रमात तो लागतच नाही. ‘कळवतो’ असं मुलाचे काका म्हणतात आणि चपला शोधू लागतात. जपानी पोराला काका वापरायची सोय नाही. त्याला स्वतःच, स्वतःच्या तोंडानं, शाळेच्या गच्चीवर नाहीतर व्यायामशाळेच्या मागे उभं राहून बोलावं लागतं.

कादंबरीकार नात्सुमे सोसेकींबद्दल तिकडे एक गोष्ट सांगतात. ते इंग्रजी शिकवत असताना एका विद्यार्थ्यानं ‘आय लव्ह यू’चं सरळसोट भाषांतर केलं. सोसेकी म्हणाले, जपानी माणूस असं बोलत नाही. ‘चंद्र सुंदर आहे’ असं लिही, पुरे झालं. सोसेकींच्या लिखाणात याला कुठे आधार सापडत नाही, गोष्ट मागाहून कुणीतरी त्यांच्या नावावर चढवलेली दिसते. पण चालली अशी, की २०१७ साली ‘त्सुकी गा किरेइ’, म्हणजे ‘चंद्र सुंदर आहे’, याच नावाची मालिका आली. आता बघा, चंद्र म्हणजे ‘त्सुकी’, आवडणं म्हणजे ‘सुकी’. मधे फक्त एक ‘त’ लंगडतोय. जीभ जरा अडखळली की प्रेमाचा चंद्र होतो. भाषेनं हे साहित्य तुम्हाला फुकट दिलेलं आहे, वाया घालवू नका.

आधी घर रिकामं करा

पहिलं काम आईवडिलांना हलवण्याचं. बापाची बदली परदेशात करा, आई त्याच्याबरोबर गेली म्हणा. सोळा वर्षांचा मुलगा एकटा फ्लॅटमध्ये राहतो, स्वतः स्वयंपाक करतो आणि शेजारीपाजारी कुणी चौकशी करत नाही, हे जपानी प्रेक्षक मान्य करतो, तुम्हीही करा. ‘तोरादोरा’मध्ये (२००८) ताइगा ही मुलगी आलिशान फ्लॅटमध्ये एकटी राहते, बाप फक्त पैसे पाठवतो. शेजारच्या पडक्या घरात र्‍युजी राहतो. त्याची आई रात्री बारमध्ये काम करते आणि दिवसा झोपते. दोन कुटुंबं, देखरेख शून्य.

मराठी घरात ही विद्या चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोघं अभ्यासाला बसली की ‘दार उघडं ठेवा रे’ अशी हाक येते. मग चहा येतो. मग चिवडा. मग वाळलेले कपडे न्यायला कुणीतरी येतं, ते जाताना ‘तुझ्या आईला सांग हं, भिशी गुरुवारी आहे’ म्हणतं. रॉमकॉमला सलग दोन मिनिटांची अवघडलेली शांतता लागते. आपल्या घरात ती कुणी शिल्लकच ठेवत नाही.

नायक-नायिकेत काहीतरी कमी करा

देखणा, हुशार, श्रीमंत नायक घेतलात तर तो पहिल्याच भागात बोलून मोकळा होईल. त्याचं काहीतरी काढून घ्या. र्‍युजीचे डोळे गुंडासारखे आहेत, लोक त्याला बघून पाकीट पुढे करतात. प्रत्यक्षात त्याला भिंतीवरची बुरशी पुसण्यात परमानंद मिळतो. ताइगा वीतभर उंचीची आणि वाघिणीसारखी तापट. तिचं खरं प्रेम र्‍युजीच्या मित्रावर, त्याचं तिच्या मैत्रिणीवर. पहिल्या भागात ती प्रेमपत्र चुकून र्‍युजीच्याच दप्तरात टाकते, ते परत मिळवायला मध्यरात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात शिरते, हाणामारी करते आणि ऐन वेळी भुकेनं कोसळते. तो तिला फ्राइड राइस करून घालतो. आणि मग कळतं की पाकिटात पत्र नव्हतंच, बाई पत्र घालायलाच विसरल्या होत्या.

हा प्रसंग पुन्हा एकदा वाचा. यात दोघांचा सगळा स्वभाव आला, घरची परिस्थिती आली, पुढची मालिका आली, आणि ‘सुकी’चा पत्ता नाही. एवढं एका ताटलीत वाढणारी मालिका चांगली असते. ज्यात नायिकेचे गुण नायकाच्या मनातल्या आवाजातून ऐकवले जातात, ती बंद करून झोपा.

उंचीवरूनही काम भागतं. ‘लव्हली कॉम्प्लेक्स’मध्ये (२००७) मुलगी १७२ सेंटिमीटर, मुलगा १५६.२. तो पॉइंट दोन महत्त्वाचा आहे. बुटक्या माणसानं दशांशसुद्धा सोडलेला नाही, यात त्याचं दुःख कळतं. दोघं ओसाकाच्या बाजूची, बोली तिकडचीच, आणि वर्गात दोघांना ‘ऑल हान्शिन-क्योजिन’ म्हणतात. ही तिकडची खरीखुरी विनोदी जोडी, एक उंच, एक ठेंगणा. ओसाकाकडे मान्झाइ नावाचा जुगलबंदीचा खेळ मुरलेला आहे. त्यात एक ‘बोके’, म्हणजे येडबंबू बोलणारा, आणि दुसरा ‘त्सुक्कोमी’, म्हणजे त्याची वाक्यावाक्याला हजेरी घेणारा. आपल्या बतावणीतला सोंगाड्या आणि त्याला टपली मारणारा जोडीदार आठवा. अ‍ॅनिमेतलं निम्मं प्रेम या दोन भूमिकांच्या आडून चालतं. ‘लव्हली कॉम्प्लेक्स’मधली पोरगी बिचारी तो शब्द उच्चारते हो, पण दोघांची रोजची सवयच थट्टेची, त्यामुळे त्याला ती थट्टाच वाटते. शब्द बाहेर पडला आणि तरी पोचला नाही. ही अडवणुकीची वरची इयत्ता झाली.

मुख्य धडा : शब्द अडवणार कोण?

इथे पेन्सिलनं खूण करा. बाजारात दोन प्रकारचा माल आहे. पहिल्यात शब्द बाहेरून अडवतात. मुलगी म्हणते, ‘मला तुला एक सांगायचं…’ आणि फोन वाजतो. नाहीतर दार उघडतं. नाहीतर लोकल धडधडत जाते. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे उन्हाळ्यातल्या जत्रेतलं दारूकाम : युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसलेली मुलगी ओठ हलवते, त्याच क्षणी आभाळात धडाम होतं, तो विचारतो, ‘काय म्हणालीस?’, ती म्हणते, ‘नान्देमो नाइ’, काही नाही. हे एकदा चालतं. तिसऱ्यांदा झालं की प्रेक्षकाला दोघांची काळजी वाटेनाशी होते, लेखकाचा राग येऊ लागतो. ‘निसेकोइ’मध्ये तर नायकाच्या गळ्यात कुलूप, आणि किल्ल्या एकीकडे नाही, अनेकींकडे. कुणाची किल्ली लागते हे बघायला कुलूपवाल्याला बोलावलं असतं तर पंधरा मिनिटांत निकाल लागला असता. मूळ मांगाचे, म्हणजे चित्रकथेचे, मात्र २५ खंड झाले.

दुसऱ्या प्रकारात शब्द आतून अडतो. माणूसच तो गिळतो, आणि का गिळतो ते आपल्याला त्याच्याआधी कळलेलं असतं. चांगली रॉमकॉम ओळखायची माझ्याकडे हीच एक कसोटी आहे, बाकी सगळी रंगरंगोटी.

‘कागुया-सामा : लव्ह इज वॉर’ घ्या. मांगा २०१५ पासून, अ‍ॅनिमे २०१९ ची. बड्या घरच्या मुलांची शाळा, विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष शिरोगाने आणि उपाध्यक्ष कागुया. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, दोघांना ते जवळजवळ ठाऊक आहे. पण जो आधी बोलेल तो हरला, असं दोघांनी मनाशी ठरवलंय. मग एका सिनेमाच्या तिकिटावरून असे डाव रचले जातात, जणू पानिपतावर छावणी पडली आहे. निवेदकाचा आवाज युद्धाच्या माहितीपटासारखा खर्जातला, आणि प्रसंग संपला की आज कोण जिंकलं, कोण हरलं याचा फलक.

माझी अकरावीतली भाची एका मे महिन्याच्या सुट्टीत मला ही मालिका दाखवत होती. चौथ्या भागापर्यंत माझा धीर सुटला.

‘‘अगं, एकदाचं बोलून टाक म्हणावं तिला!’’

‘‘मामा, ओरडू नकोस. आजी झोपलीये.’’

‘‘पण अडलंय कुठे तिचं?’’

‘‘तिचं नाही, त्याचं अडलंय. तो गरीब आहे ना.’’

पोरीनं एका वाक्यात समीक्षा केली. शिरोगानेच्या बापावर कर्ज आहे, घर खुराड्याएवढं, तो सायकलवरून येतो, नोकऱ्या करतो, झोप अपुरी म्हणून डोळ्यांखाली काळं. अभ्यासात पहिला आहे म्हणून या श्रीमंतांत त्याला जागा आहे. आपण हात पसरला तर ती काय म्हणेल? त्याच्या डोक्यात तिचा चेहरा येतो, तुच्छतेनं बघणारा, आणि ‘ओ-कावाइ कोतो’, किती गोडुलं बाई हे, असं म्हणणारा. बहुतेक वेळा तिनं हे म्हटलेलंच नसतं. तो ते मनात ऐकतो आणि शब्द गिळतो. तिकडे तिला लहानपणापासून शिकवलंय की मागायचं नसतं, घ्यायचं असतं. एवढं कळलं की सिनेमाच्या तिकिटावरची लढाई पोरकट वाटत नाही; म्हणजे पोरकट वाटतेच, पण पोटात कुठेतरी लागते.

आणि आता गंमत बघा. पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे या मालिकेतही दारूकाम येतं, तेच ते झिजलेलं दारूकाम. कागुयाला घरचे जाऊ देत नाहीत, ती पळून निघते तोवर कार्यक्रम आटोपतो. शिरोगाने तिला शोधून काढतो, सगळ्यांना टॅक्सीत कोंबतो, आणि दुसरीकडे चाललेलं दारूकाम गाठायला गाडी धावते. शेवटी आभाळ उजळतं. सगळे वर बघतात, ती मात्र शेजारी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसते, आणि तिला दारूकामाचा आवाजच ऐकू येत नाही, कारण तिचं काळीज त्याहून मोठ्यानं वाजत असतं. इतर मालिकांत स्फोटानं शब्द बुडतो, इथे माणसानं स्फोट बुडवला. एकच सामान, दोन सुतार.

आता ‘मेझॉन इक्कोकु’. याच्यापुढे मी जरा सरळ बसतो. रुमिको ताकाहाशी यांची मांगा, १९८० ते १९८७. मोडकळीला आलेली एक लॉज, पाच नंबरच्या खोलीत गोदाइ नावाचा मुलगा, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा नापास होऊन पुन्हा बसणारा. शेजारी इतके उत्तम की दारूची बैठक नेहमी त्याच्याच खोलीत, आणि चार नंबरवाले योत्सुया तर भिंतीला भोक पाडून येतात. तिथे नवी व्यवस्थापिका येते, क्योको. तरुण, सुंदर, विधवा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तोच नवरा गेला. सासऱ्यांनी तिला हे काम दिलं. तिच्याबरोबर एक म्हातारा कुत्रा आहे आणि त्याचं नाव सोइचिरो-सान. मेलेल्या नवऱ्याचं नाव.

विनोदी मालिकेत हे कसलं नाव, असं वाटेल. पण विचार करा : अंगणात ती रोज त्या नावानं हाक मारते, आणि हे तगडं, केसाळ, सुस्त जनावर शेपूट हलवत येतं. हसू येतं. आणि गोदाइला प्रत्येक हाकेला कळतं की आपली स्पर्धा कुणाशी आहे. जिवंत माणसाशी भांडता येतं, टेनिस खेळता येतं. मेलेला माणूस म्हातारा होत नाही, चुकत नाही, उधारी ठेवत नाही. एकदा गोदाइ दारूच्या नशेत भर वस्तीत ओरडून प्रेम जाहीर करतो, ते कुणी हिशेबात धरत नाही. शुद्धीवर असताना त्याला वर्षं लागतात : कॉलेज, नोकरीची वणवण, बालवाडीतलं काम. आणि कथेत ती वर्षं खरोखर जातात. मंडळी वयानं वाढतात, हेही या प्रांतात दुर्मीळच. शेवटी तो सोइचिरोच्या थडग्यापुढे उभा राहून त्यालाच सांगतो की तुम्ही तिच्या मनातून जाणार नाही, तेव्हा तुमच्यासकट मी तिला घरी नेतो. ती मागे उभी राहून ऐकते. लग्नाला ती हो म्हणते तेव्हा तिची अट एकच : माझ्यापेक्षा एक दिवस तरी जास्त जगा. इतका उशीर का लागला, हे त्या अटीत कळतं. फोन वाजल्यामुळे नव्हता लागला.

नावानं हाक : राखून ठेवायचा माल

‘सुकी’ अडवून धरली की प्रेक्षकाला मधूनमधून काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर तो उठून जातो. त्यासाठी हाका. जपानी माणसं एकमेकांना आडनावानं, पुढे ‘सान’, ‘कुन’ लावून बोलावतात. नुसत्या पहिल्या नावानं हाक मारणं ही घटना असते. तिच्यावर अख्खा भाग निघतो. गोदाइ क्योकोला कितीतरी काळ ‘कानरिनिन-सान’ म्हणतो, म्हणजे ‘व्यवस्थापकबाई’. प्रेमात आकंठ बुडालेला माणूस, आणि तोंडात व्यवस्थापकबाई!

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. ज्या समाजात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, घ्यायचंच तर उखाण्यात गुंडाळून, आणि ते घेताना पाच जणी दार अडवून उभ्या, त्या समाजाला नावाची किंमत ठाऊक आहे. आमच्या आजोबांना आजीनं जन्मभर ‘अहो’ म्हटलं. जपानी प्रेक्षकांना आपल्या जुन्या लग्नाच्या चित्रफिती दाखवल्या तर उखाण्याच्या वेळी ते रडतील, याची मला खात्री आहे.

तिसरा माणूस

प्रतिस्पर्धी नायकाहून सरस हवा. कमअस्सल प्रतिस्पर्धी म्हणजे फुकटचा पगारदार. ‘मेझॉन इक्कोकु’तले मिताका : टेनिस शिकवतात, गाडी आहे, पैसा आहे, हसले की दात चमकतात, वर माणूस सज्जन. कुठल्याही आईनं डोळे मिटून मुलगी द्यावी. ताकाहाशीबाईंनी त्यांना एकच व्यंग दिलं, कुत्र्यांची भीती. आणि क्योकोच्या दारात कोण बसलंय ते तुम्हाला माहीत आहे. नवरा मरूनसुद्धा दार राखतोय! असा विनोद हातून एकदा झाला तर बाकी आयुष्य स्वस्थ बसून काढावं.

प्रतिस्पर्धी नको असेल तर नुसती आडवी येणारी मैत्रीण घ्या. ‘कागुया-सामा’तली फुजिवारा. कागुयाला अध्यक्षाच्या डब्यातल्या ऑक्टोपसच्या आकारात कापलेल्या सॉसेजचा तुकडा हवाय. मागणं म्हणजे हार. ती मनात चक्रव्यूह रचतेय, तेवढ्यात फुजिवारा येते, ‘मला दे ना’ म्हणते आणि खाऊन मोकळी होते. जिच्या मनात काही नाही तिला सगळं मिळतं. कागुया तिच्याकडे ज्या नजरेनं बघते ती नजर मी डब्याच्या सुट्टीत स्वतः अनुभवली आहे, फक्त आमच्याकडे मुरांबा होता.

विनोद कुठे ठेवायचा

शब्दाच्या अगदी जवळ. ‘गेक्कान शोजो नोझाकी-कुन’ (२०१४, बारा भाग) ही यातली शाळा आहे. साकुरा ही मुलगी पहिल्याच भागात धीर करून नोझाकीपुढे उभी राहते, पण ऐन वेळी तोंडातून ‘मी तुझी चाहती आहे’ असं निघतं. तो शांतपणे स्वाक्षरी करून देतो. कारण हा धिप्पाड, दगडी चेहऱ्याचा मुलगा गुपचूप एका बाईच्या नावानं मुलींसाठी प्रेमकथांची मांगा काढतो, आणि हिला ते कळलंय असं त्याला वाटतं. ती पुन्हा प्रयत्न करते, मला कायम तुझ्यासोबत राहायचंय, असं काहीसं म्हणते. तो तिला घरी नेतो. तिचं काळीज धडधडतं. घरी तो तिच्या हातात कुंचला देतो आणि चित्रातल्या काळ्या जागा शाईनं भरायला बसवतो. ती भरत बसते, आणि बरीही भरते.

या मालिकेतली मला सर्वात आवडलेली गोष्ट सायकलची. प्रेमकथेत मुलगा मुलीला मागे बसवून सायकल चालवतो, हे ठरलेलं दृश्य. पण जपानमध्ये साध्या सायकलवर डबलसीट बेकायदा. नोझाकी कायदा पाळणारा लेखक, म्हणून तो दोघांनी पायडल मारायची जोडसायकल आणतो. दोघं घाम गाळत पायडल मारतायत, वाऱ्यावर केस वगैरे काही उडत नाहीत. प्रेमकथेची सगळी ठरीव दृश्यं त्याला पाठ आहेत, आणि समोर उभं असलेलं प्रेम दिसत नाही. इथे शब्द अडवायला फोनही नको, दारूकामही नको. लेखक असणं पुरेसं आहे.

चित्रांतल्या युक्त्या थोडक्यात : कपाळावर घामाचा भलामोठा थेंब, चेहरा अचानक बटाट्याएवढा आणि दोन रेघांचा, मागे रातकिड्यांचा आवाज, दृश्य थिजलेलं. पैसे वाचतात आणि हशाही येतो. हिदेआकी आन्नोंच्या ‘कारे कानो’मध्ये (१९९८) एका भागात तर कागदाच्या बाहुल्या काठीवर नाचवल्या आहेत. कुठे काटकसर संपते आणि कुठे कला सुरू होते, हे मला तरी सांगता येणार नाही.

पंचांग

हे पाठ करा, यात बदल चालत नाही. एप्रिलमध्ये शाळा सुरू, चेरीची फुलं, नवी मुलगी. उन्हाळ्यात समुद्र, मग युकाता आणि दारूकाम (वर सांगितलंय, जपून). शरदात शाळेचा सांस्कृतिक महोत्सव. वर्गाचा कॅफे होतो आणि नाटकात दोघांनाच राजकन्या-राजपुत्र व्हावं लागतं. नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ तिकडे जोडप्यांची; केक आणि तळलेलं चिकन खायची, चिकनची ही प्रथा १९७४ च्या ‘केंटकी फ्राइड चिकन’च्या जाहिरातीनं पक्की केली. १४ फेब्रुवारीला मुलीच मुलांना चॉकलेट देतात : प्रेमाचं वेगळं, कर्तव्याचं वेगळं, आणि आपल्याला मिळालं ते कुठलं यावर मुलगा महिनाभर झोपत नाही, कारण परतफेडीचा दिवस १४ मार्च. मार्चमध्येच निरोप समारंभ, गणवेशाच्या कोटाचं वरून दुसरं बटण मुलगी मागते, काळजाच्या सर्वात जवळचं म्हणून. बटण दिलं, म्हणजे शब्द पुन्हा वाचला.

हे टाकून द्या

नायक पाय घसरून पडतो आणि नेमका नको तिथे हात पडतो, हे. न्हाणीघराचं दार चुकून उघडतं, हे. त्यावर मुलगी त्याला ठोसा मारून ढगात पाठवते आणि तो विनोद समजायचा, हेही. ‘लव्ह हिना’च्या काळी (२०००) लोक हसत, आता माझा तर हात रिमोटकडे जातो. सहा मुली आणि एक मठ्ठ मुलगा, असा ताटवा लावायचा मोह होईल. मठ्ठपणा हा शब्द अडवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. नोझाकी मठ्ठ नाही, तो कामात आहे. फरक लक्षात घ्या.

बारा भागांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. टीव्हीचा हंगाम तीन महिन्यांचा, म्हणून बारा-तेरा भाग. मूळ मांगा बहुतेक वेळा अजून नियतकालिकात चालूच असते, आणि पुस्तकं खपावीत हाही मालिका काढण्यामागचा एक हेतू. त्यामुळे बाराव्या भागाअखेर दोघं नदीकाठानं चालत जातात, मधलं अंतर चार बोटांनी कमी झालेलं असतं, आणि गाणं सुरू होतं. प्रेक्षक हताश होऊन पुस्तकाच्या दुकानात जातो. तुमचं काम झालं.

कुणी विचारेल, शब्द लवकर बोलून टाकला तर? चालतो, पण त्याला छाती लागते. ‘ओरे मोनोगातारी’मध्ये (२०१५) बैलाएवढा ताकेओ ट्रेनमध्ये एका मुलीला छेड काढणाऱ्यापासून वाचवतो. तिचं आपल्या देखण्या मित्रावर मन आहे, असं तो ठाम धरून बसतो. तिसऱ्याच भागात दोघं बोलून मोकळी होतात. पुढे एकवीस भाग उरलेले! पण ती पोरगी केक करून आणते, तो खातो आणि ‘उमाइ!’ म्हणून गर्जना करतो, आणि मला एकदाही कंटाळा आला नाही. अपवाद म्हणून वहीत लिहून ठेवा, पहिल्याच प्रयत्नात हात घालू नका.

शेवट

शेवटासाठी पुन्हा ताकाहाशीबाईंकडेच जावं लागतं, त्यांच्या पहिल्या मोठ्या मांगाकडे. ‘उरुसेइ यात्सुरा’, १९७८ ते १९८७. अ‍ॅनिमे १९८१ पासून. परग्रहावरच्या ओनींनी, म्हणजे शिंगवाल्या राक्षसांनी, पृथ्वीला आव्हान दिलंय : शिवाशिवीचा डाव, दहा दिवस. पृथ्वीतर्फे संगणकानं निवडलेला मुलगा आतारू, आचरटपणात पृथ्वीवर पहिला. त्यानं लुम या राक्षसकन्येची शिंगं पकडायची. शेवटच्या दिवशी तो जिंकतो आणि आनंदानं ओरडतो, आता माझं लग्न होणार! तो बोलतोय आपल्या मैत्रिणीबद्दल. लुमला वाटतं आपल्याबद्दल. झालं. ती त्याला ‘डार्लिंग’ म्हणत त्याच्या घरी येऊन राहते, आणि तो दिसेल त्या पोरीमागे धावला की विजेचा झटका देते. लुम दिवसातून दहा वेळा प्रेम बोलून दाखवते. आतारू एकदाही नाही.

शेवटच्या कथेत पुन्हा शिवाशिवी, पुन्हा दहा दिवस. या वेळी आतारू हरला तर ओनी निघून जाणार, आणि लुमची आठवण साऱ्या पृथ्वीच्या डोक्यातून पुसली जाणार. वाचायचा सोपा मार्ग एकच, त्यानं ‘सुकी’ म्हणावं. मित्र विनवतात, गाव विनवतं, सारं जग त्या दीड अक्षरासाठी खोळंबतं. तो म्हणत नाही. असं जबरदस्तीनं म्हटलेलं खरं कसं वाटेल, एवढंच त्याचं म्हणणं. पळून पळून पाय निकामी होतात, तो कोसळतो, आणि हातातून काहीतरी घरंगळतं : लुमची जुनी शिंगं, त्यानं कुणाला न सांगता जपून ठेवलेली. ती जवळ येते. तो तिची शिंगं पकडतो. डाव संपतो.

मग ती म्हणते, आयुष्य लागलं तरी तुझ्याकडून म्हणवून घेईन. तो म्हणतो, मरताना म्हणेन.